टेबलाचे पाय रंध्याने निमुळते करताना

चार पायांचा उतार एकसारखा येत नाही, ही नेहमीची अडचण. सांगलीत आमच्या जुन्या घराचं सागवान निघालं, त्याचं टेबल करताना मला हा उपाय सापडला. यंत्र लागत नाही.

पाय ४५ मिमी चौरस, तळाशी ३० मिमी ठेवायचा. उतार फक्त आतल्या दोन बाजूंना द्या. बाहेरच्या सरळ राहिल्या की टेबल उभं छान दिसतं. सांध्यांच्या खाचा आधीच पाडून घ्या, कारण चौकोनी लाकूडच नीट धरता येतं. पाय जोडणारी वरची पट्टी ७५ मिमी रुंद असेल तर उतार पायाच्या वरच्या टोकापासून ९० मिमीवर सुरू करा. उताराची तिरपी रेघ शेजारच्या बाजूंवर आखून घ्या.

१. उताराच्या लांबीचे पेन्सिलीने पाच सारखे भाग करा.
२. तळाजवळच्या भागावर रंध्याचे पाच हात मारा, नेहमी तळाकडेच.
३. मग एक भाग वरून सुरू करून तळापर्यंत पाच हात. असं करत वरच्या रेघेपर्यंत या.

एका फेरीत तळाला पंचवीस हात बसतात, वर पाचच. उतार आपोआप पडतो! आखलेली तिरपी रेघ येईपर्यंत फेऱ्या करा, शेवटचे दोन-तीन हात पूर्ण लांबीचे. चारही पायांना फेऱ्या मोजून तितक्याच द्या, पण शेवटचा शब्द रेघेचा.

पहिली बाजू झाली की तिच्यावर आखलेली दुसऱ्या बाजूच्या उताराची रेघ रंध्याखाली गेलेली असते. दुसरी बाजू घेण्याआधी ती पुन्हा आखा. मी एकदा विसरलो आणि एक पाय वाया गेला.

जुन्या लाकडात मोडलेले खिळे असतात. आधी लोहचुंबक फिरवा, नाहीतर पात्याची धार गेलीच.