टाकीजवळ म्हणजे नक्की कुठल्या टाकीजवळ?

लातूर, नांदेड, परभणीकडून नोकरीला मिरज-सांगलीत आलेल्या पोरापोरींनो, खोली मिळाली, मेस लागली, ड्युटीचं वेळापत्रक हातात आलं की तुम्हाला वाटतं, बस्तान बसलं. मलाही तसंच वाटलं होतं. मी औशाकडची. कुर्डुवाडी, पंढरपूर करत गाडी मिरज जंक्शनला लागली तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि नर्सिंगचं सर्टिफिकेट होतं. त्याला आता वीस वर्षं झाली. इथली भाषा अंगवळणी पडली, ‘वडाप’ म्हणजे सीट भरून सुटणारी खासगी जीप हे कळलं, जेवणात तांबडा-पांढरा आला. एक गोष्ट मात्र फार उशिरा शिकले: पत्ता लिहायची.

झालं असं. मी सुरुवातीला मिरजेत ब्राह्मणपुरीत भाड्याने राहायचे. गावचं नाव काढून मतदार यादीत तिथलं लावलं, कार्ड आलं. पुढे लग्न झालं आणि आम्ही सांगलीत शामरावनगरकडे प्लॉट घेतला. मी हिशेब केला की महापालिका एकच, सांगली-मिरज-कुपवाड, मग नाव बदलायची काय गरज? मतदानाच्या दिवशी सकाळी घराजवळच्या शाळेत गेले तर यादीत नाव नाही. बरं, जुन्या ठिकाणी असेल म्हणून रिक्षा करून मिरज गाठली. तिथंही नाही. दरम्यानच्या काळात कुणीतरी पडताळणीला आलं होतं. घरमालकीण म्हणाली, ‘त्या गेल्या की कुठंतरी.’ जुन्या पत्त्यावर नोटीस आली, तिला उत्तर कोण देणार? नाव ‘स्थलांतरित’ म्हणून कमी झालं. पर्समध्ये कार्ड, नाव कुठंच नाही. दुपारी दोनची ड्युटी होती, तशीच वॉर्डात गेले. पेशंटच्या नातेवाइकांच्या बोटाची शाई बघत दिवस काढला.

तर पहिली गोष्ट, आणि हीच सगळ्यात जास्त लोकांना माहीत नसते. मतदान कार्ड ही फक्त ओळख आहे. मत द्यायचा हक्क यादीतल्या नावामुळे मिळतो. नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक यांपैकी काहीही चालतं. उलटं मात्र चालत नाही.

दुसरी गोष्ट. महापालिका एक असली तरी विधानसभेचे मतदारसंघ दोन आहेत: 281 मिरज आणि 282 सांगली. मिरज अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे मिरजेतून सांगलीत खोली बदलली की नुसता बूथ बदलत नाही, उमेदवारही बदलतात. वाळवा तालुक्यात किंवा शिराळ्याकडे कामाला गेलात तर आणखी गंमत. जिल्हा सांगलीच, पण इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला हातकणंगल्यात मोडतात. आणि पिन कोडवरून अंदाज बांधू नका. 416410 मिरजेचा, 416416 सांगलीचा हे खरं, पण पिन टपालखात्याच्या सोयीचा असतो. मतदारसंघाची रेघ तो बघून मारलेली नाही. शहराच्या कडेला राहत असाल तर आपण कुठल्या बाजूला पडतो ते 1950 या क्रमांकावर फोन करून किंवा निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर बघून घ्या. शेजाऱ्याला विचारू नका. शेजारीही बहुतेक तुमच्यासारखाच कुठून तरी आलेला असतो.

नाव हलवायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. ऊसतोडीला चार महिने आलेल्यांनी गावची नावं काढू नयेत असं मला वाटतं. त्यांचं रेशन, घरकुल, ग्रामपंचायत सगळं तिकडं असतं. पण इथं बिऱ्हाड थाटलंय, मूल इथल्या शाळेत आहे, तर नाव इथं हवं. कायद्यात ‘सामान्यतः रहिवासी’ असा शब्द आहे. ‘सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय नाव लागत नाही’ हे मेसमध्ये ऐकायला मिळतं, कायद्यात महिन्यांचा आकडा नाही. आणि नुसतं तिथं घर किंवा शेत आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. गावचंही ठेवू, इथलंही लावू, असं डोकं चालवू नका. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्यात मनाई आहे आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

फॉर्म कुठला, यात नवीन माणसं हमखास चुकतात. आधी कधीच नाव नव्हतं तर फॉर्म 6. आधी कुठंही नाव असेल, मग ते औशात असो की मुखेडात, आणि आता ते इथं आणायचं असेल तर फॉर्म 8. 2022 पासून मतदारसंघ बदलून येणाऱ्यांनाही फॉर्म 8 च लागतो, आणि त्यात जुन्या ठिकाणचं नाव आपोआप कमी होतं. तरी पोरं पुन्हा फॉर्म 6 भरतात, ‘पहिल्यांदाच नोंदणी’ वर टिक करतात आणि दोन ठिकाणी नावं होऊन बसतात. कार्ड हरवलंय म्हणून नवीन नाव नोंदवणारेही पाहिलेत. बाबांनो, कार्डाची दुसरी प्रतही फॉर्म 8 मधूनच मिळते.

आता पत्त्याकडे येऊ, कारण खरी गाडी तिथंच अडते.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एक बाई उभ्या होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रजिस्टर, घाम पुसायला हात शिल्लक नाही. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका, आमच्या यादी भागाच्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघर पडताळणी करणाऱ्या. दुकानदाराला विचारत होत्या, ‘हे बघा, इथं लिहिलंय, नवीन वसाहत, पाण्याच्या टाकीजवळ. कुठली वसाहत? कुठली टाकी?’ दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, टाक्या तीन आहेत. आणि इथं सगळीच वसाहत नवीन आहे.’ तो अर्ज होता आमच्याच हॉस्पिटलात नव्यानं लागलेल्या एका पोरीचा. ती तेव्हा नाईट करून खोलीत झोपलेली होती, दुकानापासून साठ पावलांवर. मी तिथं नसते तर मॅडमनी ‘पत्त्यावर आढळले नाही’ असं लिहिलं असतं, आणि त्यात त्यांची काही चूक नसती.

गुंठेवारीत, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून वसलेल्या वस्तीत, राहणाऱ्यांना तर एकाच घराचे चार नंबर असतात. जमिनीचा गट नंबर, प्लॉट नंबर, घरपट्टीच्या पावतीवरचा मिळकत क्रमांक, आणि कुठल्याशा जुन्या मोजणीत चौकटीवर रंगवलेला आकडा, जो अर्धा पुसलेला असतो. माझा अनुभव असा की प्लॉट नंबर आणि मिळकत क्रमांक दोन्ही लिहावेत. मग गल्लीचं नाव किंवा नंबर. मग खूण. खूण अशी धरा जी हलत नाही: देऊळ, दर्गा, शाळा, पूल, आणि त्यापासून कितवं घर. ‘अमुक मोबाईल शॉपीच्या वर’ असं लिहू नका. ती शॉपी पुढच्या दिवाळीला बिर्याणी सेंटर होते. भाडेकरू असाल तर घरमालकाचं आडनाव आणि मजला लिहा. गल्लीत मालकाला ओळखतात, तुम्हाला नाही.

यादी नीट बघितलीत तर कळेल की हे का सांगतेय. मतदारसंघाचे यादी भाग पाडलेले असतात. साधारणपणे एक भाग म्हणजे एक मतदान केंद्र. भागाच्या आत गल्ल्यांप्रमाणे विभाग. तुमच्या पत्त्यावरून तुम्हाला त्या विभागात बसवतात. पत्त्यात नुसतं ‘मिरज’ असेल तर बसवणारा तरी काय करणार? बऱ्याच नावांपुढे घर क्रमांकाच्या जागी नुसती रेघ असते. अशी माणसं चुकीच्या भागात जातात, नवरा एका शाळेत आणि बायको दुसऱ्या शाळेत अशी पाळी येते. महापालिकेच्या निवडणुकीला हे आणखी टोचतं. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच असते. तीच प्रभागाप्रमाणे फोडतात. विधानसभेला चुकलेला पत्ता तिथं तुम्हाला सरळ दुसऱ्या प्रभागात नेऊन टाकतो, आणि गटारीची तक्रार ज्या नगरसेवकाकडं करायची त्याला तुमचं मतच नसतं.

ऑनलाइन भरताना इंग्रजीत टाईप केलं की शेजारी मराठी आपोआप उमटतं. ते वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. माझ्यासमोर एकीच्या काळेचं ‘काले’ आणि घरकुलचं ‘घारकूल’ झालं होतं. मोबाईलवरून लोकेशन पाठवायचं असेल तर घरात, खिडकीजवळ उभं राहून पाठवा, मेसमध्ये बसून नको. मिरजेच्या जुन्या गल्ल्यांत नकाशावरची खूण सहज पलीकडच्या बोळात पडते. टपालखात्यानं 2025 मध्ये डिजिपिन काढलाय, दहा अक्षरांचा, साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. घर सापडायला तो छान आहे, मी माझ्या पोरींना बीएलओंना कळवायला सांगते. पण यादीतला पत्ता शब्दांत लागतो, तो टाळून चालत नाही.

कागदपत्रांचं रडगाणं वेगळंच. लाईट बिल घरमालकाच्या नावावर, आणि मागितलं की त्याला वाटतं तुम्ही घरावर हक्क सांगणार. भाडेकरार नोटरीचा, अर्जाला नोंदणी केलेला लागतो. यावर सोपा रस्ता म्हणजे पगाराच्या बँक खात्यात आधी इथला पत्ता लावून घ्या आणि पासबुक छापून आणा. ते चालतं. यातलं काहीच नसेल तरी अर्ज करता येतो, मग जागेवर येऊन पडताळणी होते. म्हणून तर पत्ता नीट हवा! हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना कॉलेजकडून दाखला घेऊन हॉस्टेलचा पत्ता लावता येतो, किंवा आईवडिलांच्या घरचं नाव तसंच ठेवता येतं. फूटपाथवर झोपणाऱ्यालासुद्धा यादीत जागा आहे. बीएलओ रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथं झोपतो का बघतात.

सांगलीत आणखी एक भानगड आहे, पुराची. स्वस्त भाडं बघून सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा सखल भागात खोली घेतलीत तर कृष्णेची आठवण ठेवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 आहे. माणसं मिळेल तिकडं चढावर राहायला गेली, काही परत आलीच नाहीत. आणि 21 ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. सामान हललं होतं, यादी जागेवरच होती. खोली बदलली की गॅसचा पत्ता बदलता ना? त्याच आठवड्यात फॉर्म 8 भरा. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरता यादीत बदल होत नाही, मग कुणाच्याही ओळखीचा उपयोग नाही.

अठरा वर्षं पूर्ण व्हायची तारीख आता वर्षातून चारदा धरतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. धाकट्या भावंडांना सांगा.

निवडणूक जवळ आली की गल्लीतले कार्यकर्ते येतील. त्यांच्याकडची यादी कधीकधी सरकारी माणसापेक्षा ताजी असते, हे मान्य करायला हवं. कोण कुठल्या खोलीत आलं, कोण गेलं, सगळं पाठ. त्यांना भाग क्रमांक आणि अनुक्रमांक विचारा. आधारचा फोटो किंवा ओटीपी मात्र देऊ नका. आणि मतदानाच्या दिवशी ड्युटी असेल तर आठ दिवस आधी सिस्टरांशी बोलून शिफ्ट बदलून घ्या. मतदानाची सुट्टी भरपगारी आहे, रोजंदारीवाल्यांनासुद्धा. पण आयसीयू रिकामं सोडता येत नाही हे तुम्हालाही कळतं. आम्ही दोघीदोघींच्या जोड्या लावतो. एक सातला जाऊन येते, दुसरी दुपारी.

अर्ज भरून झाला की मोबाईल उघडा ठेवा. बीएलओ मॅडमचा फोन अनोळखी नंबरवरूनच येणार, बहुतेक तुम्ही नाईट करून झोपलेल्या असताना. कर्जवाल्यांचा समजून कापू नका. आणि दाराबाहेर प्लॉट नंबर खडूनं तरी लिहून ठेवा, मोठ्या अक्षरांत.