दोन लॉक धरताना क्रम एकच ठेवा
कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) दोन लॉक (सामायिक डेटा एका वेळी एकाच कोडला वापरू देणारी कुलपे) एकाच वेळी धरावे लागत असतील, तर ते कोणत्या क्रमाने घ्यायचे हे स्ट्रक्चरच्या व्याख्येशेजारीच कॉमेंटमध्ये लिहून ठेवावे. दोन्ही एकाच प्रकारचे असल्यास मेमरीतील कमी पत्त्याचा लॉक आधी घ्यावा. क्रम उलटसुलट झाला, तर दोन कोड एकमेकांच्या लॉकची वाट पाहत कायमचे अडकू शकतात; यालाच डेडलॉक म्हणतात. त्याहून फसवा धोका इंटरप्टचा, म्हणजे चालू काम थांबवून ‘हँडलर’ हा वेगळा कोड चालवायला लावणाऱ्या संकेताचा, असतो. स्पिनलॉक (जो मोकळा होईपर्यंत मागणारा कोड जागीच फिरत वाट पाहतो असा लॉक) धरलेला असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरने तोच लॉक मागितला, तर हँडलर कायमचा फिरत राहतो, कारण लॉक सोडणारा कोड त्याच्यामुळेच थांबलेला असतो. असा लॉक घेताना ‘स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह’ वापरावे; ते लॉक धरलेला असेपर्यंत त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद ठेवते. लिनक्समध्ये २००६ सालच्या २.६.१८ आवृत्तीपासून असलेला लॉकडेप हा लॉकचा क्रम तपासणारा भाग चाचणीच्या कर्नलमध्ये चालू ठेवावाच. प्रत्यक्ष डेडलॉक होण्याआधीच तो उलटा क्रम पकडून देतो.