कोयासान पायी चढायचं तर

सगळ्यात आधी मोजे. लोकरीचे, अंगठ्याला भोक नसलेले, निदान चार जोड. कोयासान या जपानमधल्या मठांच्या डोंगरावर शुकुबोत, म्हणजे वाटसरूंना उतरवून घेणाऱ्या मठांत, बूट दारातच काढावे लागतात आणि नोव्हेंबरात तिथली लाकडी जमीन तळव्यांना झोंबते. बूट पटकन निघणारे हवेत आणि घोटा धरणारेही. दोन्ही जमत नसेल तर घोट्याचं ऐका, कारण ओल्या पानांखाली मुळं लपलेली असतात. नवे घेतले असतील तर महिनाभर सिंहगडावर झिजवून मगच न्या.

तारखा ठरवताना उंची लक्षात घ्या. कोयासान सुमारे 800 मीटरवर, त्यामुळे मेपल तिथे ऑक्टोबरअखेरीस रंगू लागतात, क्योतोत नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. आधी डोंगर, मग शहर.

वाट चोइशिमिचीची. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने कुदोयामाला उतरायचं, जिसोन-इन मंदिरापासून चढायला लागायचं. वीसेक किलोमीटर, सात तास धरा. दर 109 मीटरला एक दगडी खांब, एकूण 180, आणि आकडे वर जाताना उतरत जातात. दमलेल्या माणसाला एवढा दिलासा पुरतो. मध्य-नोव्हेंबरात सूर्य पाचच्या आतच मावळतो, सुगी नावाच्या जपानी देवदाराच्या उंच झाडांखाली त्याच्याही आधी अंधारतं. सकाळी आठला पाऊल उचला, हेडटॉर्च वरच्या कप्प्यात ठेवा. मठात जेवण साडेपाच-सहाला वाढतात. उशीर तिथे फार खटकतो.

मोठी बॅग ताक्क्युबिनने, म्हणजे जपानच्या घरपोच सामान सेवेने, आदल्या दिवशीच पुढे पाठवा. पाठीवर पाणी, पातळ रेनकोट आणि कचऱ्यासाठी पिशवी; वाटेवर कचरापेट्या शोधत बसू नका. कपडे फिकट रंगाचे, अत्तर नको: शरदात तिथल्या गांधीलमाश्या चिडलेल्या असतात. अस्वलासाठी छोटी घंटा. रोख येन आणि दानपेटीसाठी सुट्टी नाणी.

औषधं नीट तपासा. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असेल तर ती जपानात नेताच येत नाही.

शाकाहारी माणसाने मठातल्या जेवणाची धास्ती घेऊ नये. मठाच्या शोजिन र्‍योरीत मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. तिळाचं गोमादोफू आणि वाळवलेल्या टोफूचं कोयादोफू मिळतं. खरी पंचाईत मठाबाहेर; तिथे साध्या नूडल्सच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. दाण्याची चटणी, मेतकूट जवळ असू द्या, पण लसणीची चटणी मठाच्या खोलीत उघडू नका.

एक सकाळ मोकळी ठेवा. कोयासान विद्यापीठात 2015 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. ओकुनोइन या दफनभूमीच्या दोन किलोमीटरच्या वाटेवर दोन लाखांहून अधिक समाध्या, आणि शेवटच्या पुलापलीकडे कॅमेरा बंद. पहाटेची प्रार्थना सहाच्या सुमारास असते, तेव्हा गजर लावा आणि मोज्यांचा एक जोड उशाशी ठेवा.