लॅटिनमधून आलेला इंग्रजी शब्द कसा फोडायचा

'सबमिट' आणि 'सबमिशन' या दोन्हींत धातू एकच, तरी एकात 'मिट' दिसतो आणि दुसऱ्यात 'मिस'. कारण लॅटिन धातू इंग्रजीत दोन रूपांनी आला आहे. 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे, 'मिस्सुम' म्हणजे पाठवलेले. परमिट-परमिशन, ट्रान्समिट-ट्रान्समिशन या जोड्या त्यातूनच आल्या. मिसाईल म्हणजे भिरकावून पाठवायची वस्तू, डिसमिस म्हणजे दूर पाठवणे. वहीत एका पानावर एकच धातू घ्या आणि त्याची दोन्ही रूपे शेजारी लिहा. एकच लिहिले तर त्या कुळातले बरेच शब्द हातून निसटतात.

शब्द फोडताना आधी शेवटचा प्रत्यय (शन, इटी, एबल, इव्ह) काढा, मग सुरुवातीचा उपसर्ग. मधे उरतो तो धातू. आहार, विहार, प्रहार, संहार यांत 'हृ' जसा ओळखतो, तसेच हे आहे.

'ग्रादी' म्हणजे पाऊल टाकणे, त्याचे दुसरे रूप 'ग्रेस्सुस'. 'प्रो' म्हणजे पुढे, म्हणून प्रोग्रेस. 'रे' म्हणजे मागे, म्हणून रिग्रेस. 'कोम' म्हणजे एकत्र. चालत येऊन एकत्र जमले की काँग्रेस, म्हणजे सभा. 'आद' म्हणजे कडे. ॲग्रेसिव्ह तो अंगावर चालून जाणारा.

पण ॲग्रेसिव्हमध्ये 'आद'चा डी कुठे गेला? तो पुढच्या जीमध्ये मिसळला. सत् अधिक जन सज्जन होतो, तीच ही संधी. उच्चारात ती ऐकू येत नाही, म्हणून स्पेलिंगच पाहायला हवे: सुरुवातीलाच एखादे व्यंजन दोनदा आले, तर तिथे उपसर्ग दडला असण्याची शक्यता मोठी. ॲट्रॅक्ट आणि अफेक्टमध्ये 'आद' आहे, कलेक्ट आणि करेक्टमध्ये 'कोम', इल्लीगलमध्ये 'इन'.

उपसर्ग लागला की धातूचा स्वरही बदलतो, आणि नवशिके इथेच अडतात. 'फाकेरे' म्हणजे करणे. फॅक्टरीत 'फॅक्ट' सरळ दिसतो, डिफेक्टमध्ये त्याचा 'फेक्ट' होतो, डिफिशिएंटमध्ये 'फिश'. 'कापेरे' म्हणजे पकडणे, घेणे. तो कॅप्चरमध्ये 'कॅप', ॲक्सेप्टमध्ये 'सेप्ट' आणि फ्रेंचमधून आलेल्या रिसीव्हमध्ये 'सीव्ह' होतो.

फ्रेंचची ही वाट लक्षात ठेवाच. 1066मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला, आणि पुढे विद्वानांनी तेच शब्द थेट लॅटिनमधून पुन्हा घेतले. त्यामुळे एकाच मुळाचे दोन शब्द झाले: शुअर आणि सिक्युअर, फ्रेल आणि फ्रॅजाइल, रॉयल आणि रीगल. झिजलेला शब्द सहसा फ्रेंचमार्गे आलेला असतो.

फोडून मिळालेला अर्थ हा आजचा अर्थ नव्हे. मॅन्युफॅक्चर म्हणजे शब्दशः हाताने करणे, आज ते यंत्राने होते. 'कांदिदुस' म्हणजे शुभ्र. रोममध्ये पदासाठी उभे राहणारे खडूने पांढरा केलेला टोगा (अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र) घालत, म्हणून उमेदवार तो कँडिडेट.

आता फसवणाऱ्या जागा. 'इन' दोन आहेत: एक नकाराचा, दुसरा 'आत'चा. इनफ्लेमेबलमधला दुसरा आहे. त्याचा अर्थ पेट घेणारा. तो उलटा समजला तर जीवावर बेतेल, म्हणूनच धोक्याच्या पाटीवर फ्लेमेबल लिहितात. पेडल, पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन, अर्थ पाय. पीडियाट्रिशियनमधला ग्रीक, अर्थ मूल.

गोड कथांवर तर लगेच विश्वास ठेवू नका. सॅलरी हा शब्द मिठाच्या लॅटिन नावावरून आला हे खरे, पण रोमन सैनिकांना पगार मिठात मिळे याला प्राचीन पुरावा नाही. सिन्सिअर म्हणजे 'मेणाविना' ही व्युत्पत्तीही रचलेली. 'सिंकेरुस'चा अर्थ शुद्ध, निर्मळ.

म्हणून शेवटी व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडाच. तिथे एखाद्या रूपाआधी तारा (*) असेल, तर ते लिखित सापडलेले नाही, अभ्यासकांनी अनुमानाने बांधलेले आहे.

मूक अक्षरांचीही तिथेच खात्री करा. कर्ज या अर्थाच्या डेटमध्ये बी आहे, कारण पंडितांनी मूळ लॅटिन 'देबितुम'ची आठवण ठेवून तो नंतर घातला. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हता. आयलंडमधला एस मात्र चुकून शिरला. तो शब्द जर्मानिक कुळातला, पण लॅटिन 'इन्सुला'पासून आलेल्या, बेट याच अर्थाच्या आइलशी त्याची गल्लत झाली.