दोन मॅरेथॉनमध्ये चारच आठवडे? मग या चुका टाळा

मॅरेथॉननंतर पाचव्या-सहाव्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकायच्या थांबतात आणि लोक धरून चालतात की रिकव्हरी झाली. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पोटभर जेवलं तर ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, दोन-तीन दिवसांत भरून येतं. स्नायूंतल्या बारीक इजांना मात्र दोन-तीन आठवडेही लागतात आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) त्याहून सावकाश सावरतात.

मी स्वतः हे भोगलंय. पहिली ३ तास ५२ मिनिटांत संपवली, दुसरी बरोबर चार आठवड्यांवर. फिटनेस जाईल या धास्तीने बाराव्या दिवशीच ३२ किलोमीटरचा लाँग रन काढला. पोटरी आखडली, तरी दुसऱ्या शर्यतीत ३:४५चं लक्ष्य धरून किलोमीटरमागे ५ मिनिटं २० सेकंदांच्या पेसने सुटलो. अर्धं अंतर ठरल्या वेळेत झालं. सत्ताविसाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला तो शेवटपर्यंत गेला नाही. ४:३१ लागले, त्यातलं बरंचसं अंतर चालत.

एवढ्या दिवसांत नवा फिटनेस कमवायला वेळच नसतो. आहे तो टिकवून ताजं व्हायचं, एवढंच हातात असतं. त्यामुळे आता पहिला आठवडा मी धावतच नाही, फक्त चालतो. दुसऱ्यात दिवसाआड ५-६ किलोमीटर, सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्या हळू. तिसऱ्यात एकच १८-२० किलोमीटर, चौथ्यात टेपर, म्हणजे शर्यतीआधी धावणं कमी करत नेणं. आठव्या दिवशी इंटरव्हल (थोडं अंतर जोरात, मग हळू, असं आलटून पालटून) करू का, असं नवे धावपटू विचारतात तेव्हा मला खरोखर काळजी वाटते.

वेळेसाठी कोणती पळायची, हे पहिलीच्या आधीच ठरवा. दुसरी असेल, तर पहिलीत किलोमीटरमागे २०-३० सेकंद राखून पळा. आणि दुसरीतही पहिले १० किलोमीटर लक्ष्यापेक्षा थोडे हळूच. टेपरनंतर पाय हलके वाटतात आणि तिथेच माणूस फसतो.

वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. दुखापत झाकली जाते, मूत्रपिंडांवर ताण येतो. धावताना ऊर्जेसाठी खायचं जेल पहिल्या शर्यतीत पोटाला मानवलं तेच. नवे बूट नकोत.

तिसऱ्या आठवड्याच्या लाँग रनआधी मी एका पायावर उभा राहून वीसदा टाच उचलतो, मग दुसऱ्या पायावर. पोटरी कुरकुरली तर लाँग रन रद्द, आणि दुसऱ्या शर्यतीचं वेळेचं लक्ष्यही.