मायक्रोवेव्हमधील ठिणग्या आणि अभ्रकाची पट्टी

आमच्या मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या भांड्यात सावजी रस्सा गरम करताना उजव्या भिंतीजवळ चटचट आवाज होऊन ठिणग्या उडू लागल्या, तेव्हा आत चमचा राहिला असावा असे घरातल्यांना वाटले. प्रत्यक्षात आत धातूचे काहीच नव्हते. मुळात धातू ठेवला की ठिणगी उडतेच असे नाही, कारण ओव्हनच्या भिंतीही धातूच्याच असतात आणि त्या सुमारे 2450 मेगाहर्ट्झच्या लहरी परावर्तित करतात. अधिक धोका असतो तो काट्याची टोके, चुरगळलेली फॉइल किंवा कपाची सोनेरी कड यांचा, कारण विद्युतक्षेत्र तेथे एकवटते.

प्लग काढून टॉर्चच्या उजेडात पाहिले असता, लहरी आत येण्याच्या मार्गावरील अभ्रकाच्या पट्टीवर तर्रीचे शिंतोडे जळून काळा, खरबरीत डाग पडलेला दिसला. जळून उरलेला कार्बन वीजवाहक असल्याने तो जवळपास धातूसारखाच वागतो.

सीताबर्डीच्या बाजारात अभ्रकाचा कोरा पत्रा अगदी स्वस्तात मिळाला. जुनी पट्टी त्यावर ठेवून पेन्सिलीने आखणी केली, कात्रीने कापली, मागची चिकट जागा पुसून पूर्ण कोरडी केली आणि नवी पट्टी बसवली. नंतर कपभर पाणी तापवून पाहिले. ठिणगी उडाली नाही.

बाहेरचे आवरण मात्र मी उघडले नाही, कारण आतील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही प्राणघातक विद्युतभार राहू शकतो; ते काम जाणकार मेकॅनिकचेच.