तीन नंबरचा दिवस: आल्प्समध्ये पिस्टबाहेर उतरण्याआधी काय तपासायचं

रात्रभर तीस सेंटीमीटर बर्फ पडलाय, सकाळी आभाळ निरभ्र, लिफ्ट वेळेवर सुरू झालीय आणि हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये आकडा आहे 3. अशाच दिवशी माणसं सगळ्यात जास्त चुकतात. पाचपैकी तीन म्हणजे ‘मधलं, चालेल’ असा हिशोब डोक्यात आपोआप होतो आणि तो साफ चुकीचा आहे. युरोपची ही पाच पातळ्यांची मोजपट्टी सरळ रेषेत चढत नाही. प्रत्येक पायरीला धोका साधारण दुपटीने, कधी त्याहूनही जास्त वाढतो. स्वित्झर्लंडमधले जवळपास निम्मे हिमस्खलन-मृत्यू 3 या पातळीवर होतात. 4 असेल तेव्हा हवा खराब असते, लिफ्ट बंद असतात, लोक घरात बसतात. 3 ला ऊन पडलेलं असतं.

हे मार्गदर्शन पिस्टवरचे (म्हणजे खांबांनी आखलेल्या, मशीनने दाबलेल्या स्कीच्या वाटेवरचे) लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतार आरामात उतरणाऱ्या आणि आता खांबांच्या बाहेर जायचं म्हणणाऱ्या लोकांसाठी आहे. म्युनिक-झुरिककडे नोकरी करणारे आणि गुलमर्गला शिकून आल्प्स गाठणारे, दोघांनाही ते लागू पडतं. सह्याद्रीत फिरलेल्यांना डोंगर वाचायची सवय असते, तिचा इथे उपयोग होतो. फक्त उन्हाळ्यात जी घळ सोपी वाट वाटते, तीच हिवाळ्यात सापळा असते.

पिस्टबाहेर म्हणजे नेमकं कुठे

शेवटच्या खांबाच्या पलीकडचा पहिला मीटर म्हणजे ऑफ-पिस्ट. फ्रान्समध्ये त्यापुढे कोणी स्फोटकं लावून उतार मोकळा केलेला नसतो आणि संध्याकाळी कोणी बघायलाही येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पिवळ्या खुणांच्या वाटा असतात, ऑस्ट्रियात ‘स्कीरूट’ असतात. त्या उघड्या असतील तर हिमस्खलनापासून सुरक्षित केलेल्या असतात, पण मशीनने दाबलेल्या नसतात. पहिले काही दिवस तिथेच घालवावेत. फ्रान्समधल्या ला ग्राव्हसारख्या ठिकाणी केबल कार वर सोडते आणि खाली जवळजवळ सगळाच डोंगर ऑफ-पिस्ट असतो. शामोनीच्या व्हॅले ब्लांशमध्ये हिमनदीच्या भेगांचा वेगळा धोका आहे. हार्नेस, दोर आणि गाइड यांच्याशिवाय तिथे नवख्याने जाऊच नये.

निघण्यापूर्वी विम्याची पॉलिसी वाचा. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या प्रवास विम्यात ऑफ-पिस्ट स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं आणि हेलिकॉप्टरचं बिल हजारो युरोंत जातं.

आदल्या संध्याकाळी: बुलेटिन

स्वित्झर्लंडचं बुलेटिन दावोसची एसएलएफ ही हिमस्खलन-संशोधन संस्था संध्याकाळी 5 वाजता काढते आणि ऐन हिवाळ्यात सकाळी 8 ला पुन्हा सुधारते. टिरोल, साउथ टिरोल आणि ट्रेंटिनो यांचं एकत्र बुलेटिनही संध्याकाळीच येतं. फ्रान्समध्ये मेतेओ-फ्रान्स हे सरकारी हवामान खातं डोंगररांगेनुसार वेगळं बुलेटिन देतं. आकडा बघून मोबाइल खिशात टाकू नका. त्याखाली तीन गोष्टी असतात आणि निर्णय त्यांवर होतो: कोणत्या उंचीच्या वर, कोणत्या दिशेच्या उतारांवर आणि कोणत्या प्रकारची अडचण.

‘2200 मीटरच्या वर, वायव्य ते पूर्व’ असं लिहिलं असेल, तर दक्षिणेच्या किंवा 2200 मीटरच्या खालच्या उतारांवर धोका ढोबळमानाने एक पातळी कमी धरतात. म्हणजे त्याच दिवशी त्याच गावात चांगली जागा मिळू शकते. एसएलएफ 2022-23 च्या हिवाळ्यापासून 3 ला उणे, बरोबर किंवा अधिक अशी खूणही जोडते. 3 अधिक दिसलं की 4 शेजारीच आहे असं समजा.

अडचणीचे पाच प्रकार आहेत. सगळे सारखे नाहीत.

नवा बर्फ सगळ्यात सरळ. किती पडला यापेक्षा कोणत्या परिस्थितीत पडला हे महत्त्वाचं. जोरदार वारा, कडक थंडी आणि खाली गुळगुळीत जुना थर असेल, तर 10 ते 20 सेंटीमीटरही पुरतात. वारा नाही, तापमान शून्याच्या आसपास, उतार रोज स्की होणारा, अशा वेळी 30 ते 60 सेंटीमीटरपर्यंत चालून जातं. पहिला उन्हाचा दिवस सगळ्यात फसवा.

वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ डोळ्यांना दिसतो. धारेवर कॉर्निस (वाऱ्याने बनलेला बर्फाचा पुढे आलेला काठ) ज्या बाजूला झुकलेला, त्या बाजूच्या उतारावर माल साठलेला असतो. पृष्ठभाग उशीसारखा फुगीर, मंद रंगाचा दिसतो. स्कीखाली पोकळ आवाज येतो आणि काठीने टोचलं की आधी कडक, मग अचानक मऊ लागतं. हा थर एकसंध असतो, म्हणून एका जागी फुटला की सगळी पाटी सरकते. त्याला वळसा घालणं शक्य असतं, कारण तो घळीत, धारेमागे, खळग्यात असतो, सगळीकडे नसतो.

जुन्या बर्फातला कमकुवत थर हा खरा शत्रू. पातळ बर्फावर आठवडाभर कडाक्याची थंडी पडली की आतले कण साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात. त्यांच्यावर नंतरचं सगळं ओझं बसतं आणि तो थर आठवडेच्या आठवडे तसाच टिकतो, मुख्यतः सावलीच्या उत्तर उतारांवर. स्वित्झर्लंडमध्ये वालेसचा आतला भाग आणि ग्राउब्युंडेन यासाठी कुप्रसिद्ध आहेत. वरून काहीही दिसत नाही. आधीच्या दहा जणांच्या खुणा असल्या तरी अकराव्याच्या वजनाने उतार फुटू शकतो, कारण त्याची स्की नेमकी बर्फ पातळ असलेल्या जागी गेली. बुलेटिनमध्ये हा प्रकार दिलेला असेल तर वळसा घालायची हुशारी करू नका. सरळ कमी कोनाचा उतार निवडा.

ओला बर्फ हा घड्याळाचा प्रश्न आहे. रात्र निरभ्र असेल तर पृष्ठभाग गोठतो, सकाळी पूर्वेचे उतार आधी सैल होतात, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की उशीर झालेला आहे. रात्री ढग होते आणि बर्फ गोठलाच नाही, तर त्या दिवशीचा बेत रद्द. पाचवा प्रकार म्हणजे गवताळ उतारावरून अख्खा थर घसरणं. अशा उतारावर तोंड वासल्यासारखी भेग दिसते. ती तुमच्या वजनाने सुटत नाही, मनाला येईल तेव्हा सुटते. तिच्याखाली थांबू नका, डबा तर मुळीच उघडू नका.

कोन मोजा, अंदाज करू नका

कोन हा एकच घटक पूर्णपणे तुमच्या हातात आहे. स्लॅब हिमस्खलनं, म्हणजे अख्खी पाटी एकदम सरकणारी, जवळजवळ सगळी 30 अंशांहून तीव्र उतारावर सुटतात. व्हेर्नर मुंटर या स्विस गाइडने मांडलेला हिशोब आजही सगळ्यात सोपा आहे: पातळी 2 ला 40 अंशांच्या आत, 3 ला 35 च्या आत, 4 ला 30 च्या आत. कोन कुठला धरायचा, तेही ठरलेलं आहे. 2 ला तुमच्या रेषेभोवतीचे साधारण 20 मीटर. 3 ला अख्ख्या उतारातली सगळ्यात तीव्र जागा. 4 ला डोक्यावरचे उतारही. नवख्यांनी 3 ला 30 च्या आतच राहावं, हे आमचं मत. 35 च्या मर्यादेत खेळायला कोन अचूक ओळखता यावा लागतो आणि तो सुरुवातीला कोणालाच येत नाही.

घरी बसून स्विसटोपो या स्विस सरकारी नकाशा संस्थेच्या ऑनलाइन नकाशावर उताराचा थर चालू करा: पिवळा 30 ते 35, केशरी 35 ते 40, लाल 40 ते 45, त्यापुढे जांभळा. कागदी नकाशा 1:25,000 आणि समोच्च रेषा 20 मीटरच्या असतील, तर दोन रेषांमध्ये 1.4 मिलिमीटर म्हणजे 30 अंश, 1.1 मिलिमीटर म्हणजे 35. नकाशात छोटे टप्पे हरवतात, म्हणून जागेवर पुन्हा मोजायचं.

त्यासाठी सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी सरळ उताराच्या दिशेने बर्फावर दाबून ठसा उमटवा. आता तिचं टोक ठशाच्या वरच्या बिंदूवर रोवा आणि मूठ उचलून खालच्या बाजूला झुकती धरा. दुसरी काठी त्या मुठीपासून लोलकासारखी सरळ लोंबकळू द्या. पहिली काठी हळूहळू खाली आणा, लोंबणाऱ्या काठीचं टोक बर्फाला टेकेपर्यंत. टोक बरोबर ठशाच्या खालच्या बिंदूवर टेकलं तर उतार 30 अंश. बिंदूच्या खाली टेकलं तर तीव्र, दर 10 सेंटीमीटरला साधारण 3 अंश जास्त. बिंदूच्या वर टेकलं तर 30 हून कमी. हे मापन उताराच्या माथ्यावर सुरक्षित जागी करा, मध्यावर नाही.

समजा अँडरमाटला गेम्सश्टॉकवर, 2961 मीटरवर, उभे आहात. बुलेटिन: 3, वाऱ्याचा बर्फ, 2200 च्या वर, वायव्य ते पूर्व. समोरचा उत्तर उतार नेमका त्यातच बसतो. मग 2200 च्या खाली पोचेपर्यंत पिस्टवरून उतरा किंवा 30 च्या आतली रुंद सोंड धरा. घळीत शिरू नका. घळ, ओढ्याचं पात्र, खाली कडा किंवा उतार अचानक सपाट होणारी जागा, इथे छोटं हिमस्खलनही माणसाला खोल गाडतं.

बर्फावर पाय ठेवल्यावर

तीन खुणा दिसल्या की चर्चा बंद: आजचं ताजं हिमस्खलन, स्कीपासून सुसाट पळणारी भेग आणि पायाखाली ‘धप्प’ असा बसका आवाज. तो आवाज म्हणजे आतला थर कोसळल्याचा आवाज. सपाटीवर ऐकू आला तरी शेजारचा तीव्र उतार त्याने सुटू शकतो.

30 च्या वर चढताना दोघांत 10 मीटर, उतरताना किमान 30 मीटर अंतर. उतार खूपच तीव्र असेल तर एकेकाने उतरायचं आणि सुरक्षित जागी, बाजूच्या उंचवट्यावर थांबायचं. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, नाहीतर लोटात काठीच नांगर होते. उतार सुटलाच तर तिरकं बाजूला निघा, एअरबॅग (पाठपिशवीतून फुगणारा फुगा) ओढा आणि वेग मंदावताना दोन्ही हात तोंडासमोर आणा.

पाठीवर काय हवं

ट्रान्सीव्हर (सिग्नल पाठवणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून माणूस शोधायची लांब घडीची काठी), फावडं. प्रत्येकाकडे तिन्ही. एक नसेल तर बाकी दोन निरुपयोगी. ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्‌झचा, तीन अँटेनांचा. त्यात अल्कलाइन बॅटरी, कंपनीने परवानगी दिली नसेल तर रिचार्जेबल नको. तो जॅकेटच्या आत, मोबाइलपासून किमान 20 सेंटीमीटर लांब. शोधताना 50. प्रोब 240 सेंटीमीटर किंवा जास्त. फावड्याचं पातं धातूचंच घ्या, प्लॅस्टिकचं पातं दगडासारख्या घट्ट झालेल्या बर्फात वाकतं. जॅकेटमध्ये शिवलेली रेको पट्टी ट्रान्सीव्हरचं काम करत नाही, तिला शोधायला बचाव पथकाचं यंत्र लागतं. हे सगळं स्की रिसॉर्टच्या दुकानांत भाड्याने मिळतं. एअरबॅगचं गॅस सिलिंडर विमानात न्यायला एअरलाइनची आगाऊ परवानगी लागते, त्यामुळे भारतातून येणाऱ्यांनी तीही तिथेच भाड्याने घेणं सोपं.

लिफ्टमधून उतरल्यावर एकाने यंत्र शोधावर टाकायचं, बाकीच्यांनी एकेक करून पुढे जायचं. प्रत्येकाचा सिग्नल मिळाल्याशिवाय कोणी निघायचं नाही.

कोणी गाडलं गेलं तर

पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात, त्यानंतर आलेख कड्यासारखा कोसळतो. हेलिकॉप्टर तोवर येत नाही. वाचवायचं तुम्हालाच.

माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांत ठेवा. वरून आणखी काही येतंय का बघा. सगळे ट्रान्सीव्हर शोधावर, एकही प्रसारणावर राहिला तर तोच सापडत राहतो. तिघं-चौघं असाल तर एकाने 112 ला फोन करावा. स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचाव संस्थेचा 1414, ऑस्ट्रियात 140. एकटेच उरलात आणि फोन लगेच लागत नसेल तर आधी शोध. सिग्नल मिळेपर्यंत धावत, बाणामागे जलद. 3 मीटरच्या आत यंत्र बर्फाला टेकवून अगदी सावकाश, आधी सरळ मग आडवं, सगळ्यात लहान आकडा मिळेपर्यंत. घाई इथेच नडते: यंत्र उचलून झटकन फिरवलं की आकडे उड्या मारतात.

प्रोब बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात घाला, आभाळाच्या दिशेने नाही. 25 सेंटीमीटरच्या अंतराने बाहेर सरकणाऱ्या वर्तुळांत. लागली की प्रोब तिथेच राहू द्या, ती आता खूण आहे. खणायला उताराच्या खालच्या बाजूने, प्रोबवर दिसणाऱ्या खोलीइतकं लांब उभं राहून सुरुवात करा. वरून सरळ खड्डा पाडला तर तुम्ही त्याच्या श्वासाच्या जागेवर उभे राहता. एक जण तोडतो, मागचे बर्फ खाली लोटतात, थकण्याआधी पुढचा बदला. आधी डोकं, मग छाती मोकळी. तोंडातला बर्फ काढा, श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास.

हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर पसरा, म्हणजे मदत हवी. एक वर, एक खाली म्हणजे नको. सुट्या स्की, टोप्या, पिशव्या दाबून ठेवा. आणि उतार तुमच्याकडून सुटला पण कोणीच अडकलं नाही, तरी पिस्टच्या गस्ती पथकाला किंवा 112 ला कळवा, नाहीतर दुरून बघणारा कोणीतरी फोन करतो आणि पथक रिकाम्या ढिगात तासन्‌तास शोधत बसतं.